ग्रीनबेल्ट : पायी चालणाऱ्यांसाठी वसवलेलं शहर

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

आम्ही रेडिओ गटातल्या बाया आज तुम्हाला अमेरिकेत घेऊन जाणार आहोत. घाबरू नका, व्हिसा लागणार नाही. हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका.

अमेरिका म्हटलं की डोळ्यांपुढे उंच इमारती येतात. पण तिथले खूप लोक राहतात ते मोठ्या शहरांच्या बाहेर, उपनगरांत. लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला तिकडे जाऊन आलेल्या बाया आता आपल्या तालुक्यातही भेटतात. त्यांना विचारा, काय पाहिलं? त्या म्हणतात, घर मोठं, स्वयंपाकघर मोठं, पण दाराबाहेर पडायची सोय नाही. दुकान लांब, रस्त्याच्या कडेला चालायला वाट नाही, आणि गाडी चालवता येत नसेल तर पान हलत नाही. लेक-जावई सकाळी कामावर गेले की संध्याकाळपर्यंत आपण, बाळ आणि चार भिंती.

म्हणून आम्ही मुद्दाम असं एक अमेरिकन शहर निवडलं, जे आखतानाच बाईमाणूस आणि लेकरू पायी कसं फिरेल याचा विचार झाला होता. त्याचं नाव ग्रीनबेल्ट, म्हणजे हिरवा पट्टा. त्या शहराचं पुढं काय झालं, मोठ्या रस्त्यांनी त्याचे तुकडे कसे केले आणि तिथल्या लोकांनी काय हातातून सोडलं नाही, हे आज सांगायचं आहे.

आधी नकाशा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ मेरीलँड नावाचं राज्य आहे. त्याला लागूनच राजधानी वॉशिंग्टन. राजधानीच्या मध्यापासून ईशान्येला साधारण २० किलोमीटरवर ग्रीनबेल्ट आहे. तिथून पुढं त्याच दिशेला बाल्टिमोर हे बंदराचं मोठं शहर. म्हणजे दोन मोठ्या शहरांच्या मधल्या वाटेवर हे छोटं शहर बसलंय. लोकवस्ती सुमारे २५ हजार. आपल्याकडे एवढं बाजाराचं मोठं गाव असतं, तिकडे त्याला शहर म्हणतात आणि त्याला स्वतःचा महापौर आणि नगर परिषद असते.

पूर्वी तिथं तंबाखूची शेतं होती. वर्षानुवर्षं तंबाखू घेऊन घेऊन जमिनीतला कस गेला होता. १९२९ साली अमेरिकेत मोठी मंदी आली. बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले, लाखो लोक बेकार झाले. १९३३ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या सरकारात रेक्सफर्ड टगवेल नावाचे अर्थतज्ज्ञ होते. त्यांचं म्हणणं असं की शहराबाहेर स्वस्त जमीन घ्यायची, तिथं सरकारनेच नवी गावं वसवायची, त्यातून बेकारांना काम मिळेल आणि गरीब, मध्यम कमाईच्या कुटुंबांना बरी घरं मिळतील. अशी तीन गावं झाली. ओहायो राज्यात ग्रीनहिल्स, विस्कॉन्सिनमध्ये ग्रीनडेल आणि मेरीलँडमध्ये आपलं हे ग्रीनबेल्ट.

१९३५ मध्ये काम सुरू झालं. यंत्रं कमी आणि माणसं जास्त लावायची, असं धोरण होतं. का? तर जास्तीत जास्त हातांना काम मिळावं. गावाला लागून एक तळं आहे, सुमारे २३ एकरांचं. ते या मजुरांनी कुदळ-फावड्याने खणलं. ७२च्या दुष्काळात आपल्याकडे ज्यांनी रोजगार हमीवर पाझर तलाव खणले आणि खडी फोडली, त्या आज्यांना हे वेगळं सांगायला नको. तळ्याभोवती आता सुमारे दोन किलोमीटरची पाऊलवाट आहे. सकाळ-संध्याकाळ लोक तिथं फेरी मारतात.

आता गावाची ठेवण बघा. उंचवट्याची जमीन चंद्रकोरीसारखी वळलेली होती. आखणाऱ्यांनी ती सपाट केली नाही, त्याच वळणावर गाव बसवलं. दोन मुख्य रस्ते, एक क्रेसेंट रोड, म्हणजे चंद्रकोरीचा रस्ता, आणि दुसरा रिज रोड, म्हणजे कण्यावरचा रस्ता. दोन्ही वळत वळत जातात. कोरीच्या पोटात दुकानं, सिनेमागृह, शाळा, पोहण्याचा तलाव. घरं एकमेकांना जोडून, रांगेने. प्रत्येक घराला दोन तोंडं. एक रस्त्याकडचं, कामाचं, जिथं कोळसा यायचा, कचरा जायचा, कपडे वाळायचे. दुसरं बागेकडचं. बागेकडच्या बाजूने निघालं की पाऊलवाट लागते आणि ती पाऊलवाट सरळ दुकानांपाशी नाहीतर शाळेपाशी पोचते.

आणि वाटेत मोठा रस्ता आडवा आला तर? तिथं रस्त्याखालून भुयारी वाट. वरून गाड्या जातात, खालून लेकरं दप्तर घेऊन शाळेला जातात. लहान मूल एकही मोठा रस्ता न ओलांडता शाळेत पोचावं, असा हिशेब होता. ढकलगाडीत बाळ घालून निघालेल्या आईलाही तोच रस्ता. लक्षात घ्या, १९३७ सालची ही गोष्ट आहे. त्या वेळी अमेरिकेत घरोघरी गाड्या येऊ लागल्या होत्या. गाडी हवी, पण तिनं माणसाच्या वाटेत यायचं नाही, एवढं साधं त्यांचं म्हणणं.

कामाच्या बाजूबद्दल एक गंमत सांगतो. सुरुवातीच्या काळात नियम असा की वाळत घातलेले कपडे दुपारी चारच्या आत दोरीवरून काढायचे आणि रविवारी घालायचेच नाहीत. नवरा कामावरून परत येताना आणि सुट्टीच्या दिवशी गाव नीटनेटकं दिसलं पाहिजे ना! हा नियम कुणी केला असेल? ज्याला स्वतः कपडे धुवायचे नव्हते त्याने, असं आमच्या गटाचं एकमत झालं.

दुकानांच्या चौकाला रूझवेल्ट सेंटर म्हणतात. तिथं दगडात कोरलेला एक मोठा पुतळा आहे, आई आणि मूल. लेनोर थॉमस या शिल्पकार बाईंनी तो घडवला. कुठं चौकात घोड्यावरचा सेनापती असतो, तर इथं आई आहे. जुन्या शाळेच्या भिंतीवरही याच लेनोरबाईंनी दगडी चित्रं कोरली आहेत. विषय काय, तर अमेरिकेच्या संविधानाची उद्देशिका. ती 'आम्ही लोक' अशी सुरू होते. आपल्या संविधानाची उद्देशिकाही 'आम्ही'पासूनच सुरू होते. शेतात, कारखान्यात राबणारी माणसं त्या चित्रांत आहेत. शाळेची इमारत आता गावाचं समाजकेंद्र झाली आहे.

१९३७ च्या सप्टेंबर अखेरीला पहिली कुटुंबं राहायला आली. घरं होती ८८५ आणि अर्ज आले पाच हजारांवर. मग निवड झाली. कमाई किती, कुटुंबात माणसं किती, आणि सहकारी पद्धतीच्या गावात मिळून-मिसळून राहतील की नाही, असं सगळं बघितलं गेलं. आणि इथंच या गावाची सगळ्यात मोठी खोट आहे. घरं फक्त गोऱ्या कुटुंबांना मिळाली. बांधकामावर कृष्णवर्णीय मजूर होते. त्यांनी विटा वाहिल्या, माती खणली. पण त्याच गावात त्यांना घर मिळणार नव्हतं. सरकारी पैशातून, सगळ्यांच्या करातून उभं राहिलेलं गाव, आणि वेशीवर जातीसारखी भिंत. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट या गावाच्या मोठ्या पाठीराख्या होत्या आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी बोलणाऱ्याही होत्या, तरी हे झालं. कौतुक करताना हे गिळून टाकायचं नाही, असं आम्ही भाषण लिहिताना ठरवलं.

आता सहकाराकडे येऊ, कारण बचत गटाच्या बायांना हाच भाग जास्त गोड लागेल.

गावात दुकान कुणी चालवायचं? बाहेरचा व्यापारी आणला तर नफा बाहेर जाणार. बोस्टनला एडवर्ड फिलीन नावाचे मोठ्या दुकानांचे मालक होते, त्यांना सहकाराचं वेड. त्यांनी उभारलेल्या संस्थेच्या पैशातून ग्रीनबेल्टची दुकानं सुरू झाली, आणि १९४० मध्ये रहिवाशांच्या सहकारी संस्थेने ती आपल्या ताब्यात घेतली. किराणा, औषधं, केशकर्तनालय, पेट्रोल पंप, सगळं सभासदांचं. आयांनी मिळून बालवाडी काढली, तीही सहकारी. सभा तर इतक्या व्हायला लागल्या की नाताळ ते नववर्ष या आठवड्यात कुणी सभाच घ्यायची नाही, माणसांनी घरी बसायचं, असं एकदा जाहीर करावं लागलं. आपल्याकडे ग्रामसंघ, प्रभागसंघ, तालुक्याचं प्रशिक्षण आणि वर पंचायतीची सभा एकाच आठवड्यात आली की आपलंही तेच होतं.

सहकारी दुकानाची पुढची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. संस्था वाढत गेली. बाहेरच्या शहरांत दुकानं, पेट्रोल पंप, मग फर्निचरची दुकानं. धंदा मोठा झाला, कारभार लांब गेला. शेवटी संस्थेने ग्रीनबेल्टमधलं मूळ किराणा दुकानच विकायला काढलं! तेव्हा १९८४ मध्ये रहिवाशांनी भागभांडवल गोळा केलं, नवी सहकारी संस्था केली आणि ते दुकान विकत घेतलं. ते आजही चालू आहे. मोठ्या साखळी दुकानांच्या देशात एका चौकातलं सभासदांचं किराणा दुकान टिकलं, ही काही लहान गोष्ट नाही. चौकात न्यू डील कॅफे नावाचं उपाहारगृह आहे, १९९५ मध्ये निघालेलं, तेही सहकारी. संध्याकाळी तिथं गाणं-बजावणं चालतं.

घरांचंही असंच. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा युद्धाच्या कामावरच्या लोकांसाठी सरकारने तिथं आणखी एक हजार घरं बांधली, लाकडी सांगाड्याची, घाईघाईत. युद्ध संपलं आणि सरकारला हे गाव जड झालं. विकून टाकायचं ठरलं. बिल्डरला गेलं असतं तर काय झालं असतं सांगायला नको. १९५२ मध्ये रहिवाशांनी, त्यात युद्धावरून आलेले सैनिकही होते, सहकारी गृहनिर्माण संस्था करून सुमारे १,६०० घरं विकत घेतली. आज तिचं नाव ग्रीनबेल्ट होम्स. घराचा सभासद होता येतं, राहण्याचा हक्क कायमचा मिळतो, दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची, त्यातून डागडुजी आणि कर भागतो. घर लहान असो की मोठं, मत एकच.

आणि वर्तमानपत्र! गावात लोक राहायला आले सप्टेंबरअखेर आणि नोव्हेंबर १९३७ मध्ये त्यांचं साप्ताहिक निघालंसुद्धा. आधी नाव ग्रीनबेल्ट कोऑपरेटर, पुढं न्यूज रिव्ह्यू. सहकारी संस्थेचं, स्वयंसेवकांच्या बळावर चालणारं आणि घरोघरी फुकट जाणारं. त्याचा एक खटला आपल्या रेडिओसारख्या छोट्या माध्यमांनी माहीत करून घ्यावा असा आहे. १९६०च्या दशकात एका बांधकाम व्यावसायिकाला तिथं दाट वस्तीच्या इमारतींची परवानगी हवी होती. त्याच वेळी शहराला शाळेसाठी त्याची दुसरी जमीन हवी होती. नगर परिषदेच्या सभांत रहिवासी चिडून म्हणाले, ही तर अडवणूक आहे, ब्लॅकमेल आहे. साप्ताहिकाने सभेत जे बोललं गेलं ते छापलं. त्या गृहस्थांनी, जे राज्याच्या विधिमंडळाचे सदस्यही होते, बदनामीचा दावा लावला. ज्यूरीने १७,५०० डॉलर भरपाई द्यायला सांगितली. एवढ्याशा पत्राला तो मरणाचाच फटका. पण साप्ताहिक वरच्या कोर्टात गेलं, आणि १९७० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. उघड सभेत लोकांनी तावातावाने वापरलेला शब्द जसाच्या तसा छापणं हा गुन्हा ठरत नाही, असा त्याचा सारांश.

आता रस्ते.

१९५४ मध्ये बाल्टिमोर ते वॉशिंग्टन असा वेगवान रस्ता झाला, पार्कवे. तो ग्रीनबेल्टच्या हद्दीतून गेला. मग राजधानीला वळसा घालणारा रिंग रोड आला, सुमारे १०३ किलोमीटरचा, १९६४ मध्ये पुरा झाला. त्याला बेल्टवे म्हणतात. तोही इथूनच. शिवाय केनिलवर्थ अव्हेन्यू आणि ग्रीनबेल्ट रोड हे रुंद रस्ते. ज्या गावात लेकराने रस्ता ओलांडू नये म्हणून भुयारी वाटा केल्या होत्या, त्याच्याच जमिनीवरून दिवसरात्र गाड्यांचे लोंढे वाहू लागले. हिरव्या पट्ट्यातली पुष्कळ जमीन विकली गेली आणि तिथं नवी वस्ती झाली. आज ग्रीनबेल्टचे तीन भाग आहेत. जुनं गाव, पार्कवेच्या पलीकडचं ग्रीनबेल्ट ईस्ट आणि केनिलवर्थ अव्हेन्यूच्या पलीकडचं ग्रीनबेल्ट वेस्ट. पश्चिमेला १९६०च्या दशकात उभी राहिलेली भाड्याच्या घरांची प्रचंड वसाहत आहे, सुमारे २,९०० घरांची. जवळच बेल्टवे प्लाझा नावाचं मोठं बाजार संकुल. या भागात कृष्णवर्णीय आणि मध्य व दक्षिण अमेरिकेतून आलेली कुटुंबं पुष्कळ. म्हणजे रस्त्याने नुसती जमीन तोडली नाही. सहकारी घरं, तळं, चौक एका बाजूला आणि भाडेकरू दुसऱ्या बाजूला, असं झालं.

पूर्व भाग जोडायला पार्कवेवरून पायी जाण्याचा पूल आहे. या पार्कवेला ग्लॅडिस स्पेलमन यांचं नाव दिलंय. त्या आधी शाळेत शिक्षिका होत्या, पुढं खासदार झाल्या.

हे ऐकताना तुमच्यातल्या कितीजणींना आपला चौपदरी रस्ता आठवला असेल! आमच्या गावाचेही असेच दोन तुकडे झालेत. शाळा आणि दवाखाना एका अंगाला, वस्ती दुसऱ्या अंगाला, मधे दुभाजक. डोक्यावर भारा घेऊन बाया दुभाजकावर चढतात. भुयारी वाट द्या म्हणून आमच्या गटाने अर्ज दिलाय, त्याला दीड वर्ष झालं. ग्रीनबेल्टवरून आम्हाला एक गोष्ट कळली. तिथल्या वाटा रस्त्याबरोबरच आखल्या होत्या, म्हणून स्वस्तात आणि सोयीच्या जागी झाल्या. नंतर जो पूल बांधावा लागतो तो लांब वळसा घेऊन, जिने चढून. तेव्हा तुमच्या गावावरून रस्ता जाणार अशी कुणकुण लागली तर मोजणीच्या वेळीच ग्रामसभेत ठराव घ्या. वाट कुठं हवी ते रोज चालणाऱ्या बायांनी दाखवा. आणि पावसाचं पाणी जायची सोय आणि दिवा, हे दोन शब्द ठरावात लिहायला विसरू नका. नाहीतर बोगदा होतो आणि पावसाळ्यात तिथं तळं होतं. रात्रीचं तर बाईमाणूस जातच नाही.

बरं, ग्रीनबेल्टमध्ये गाडीशिवाय फिरता येतं का? जुन्या गावात मजेत. पण वॉशिंग्टनला जायचं तर? डिसेंबर १९९३ मध्ये तिथं मेट्रोचं स्टेशन झालं. हिरव्या मार्गावरचं उत्तरेकडचं शेवटचं. अर्ध्या तासात राजधानीच्या मध्यात. त्याच स्टेशनवर मार्क नावाची लोकल गाडीही थांबते, वॉशिंग्टन ते बाल्टिमोर धावणारी, पण ती सोमवार ते शुक्रवारच. गोम अशी की मेट्रो आली ती जुन्या गावापासून तीन-साडेतीन किलोमीटरवर, मोठ्या रस्त्यांच्या पलीकडे. स्टेशनभोवती हजारो गाड्यांचा वाहनतळ. म्हणजे स्टेशन बांधलं ते गाडीने येणाऱ्यांसाठी! बस आहेत, पण बसची वाट बघणं हे जगात कुठंही बसची वाट बघणंच असतं. शहराची स्वतःची एक छोटी गाडी आहे, फोन करून बोलवायची. म्हाताऱ्या माणसांना दवाखान्याला, बाजाराला जायला ती कामी येते.

स्टेशनजवळच्या मोकळ्या जमिनीवर बरीच वर्षं सगळ्यांचा डोळा आहे. २०२३ मध्ये देशाच्या तपास यंत्रणेचं, एफबीआयचं, मुख्यालय तिथं आणायचं जाहीर झालं. हजारो नोकऱ्या येणार म्हणून मेरीलँडवाले खुश. २०२५ मध्ये नव्या सरकारने ते वॉशिंग्टनमधल्याच दुसऱ्या इमारतीत नेणार म्हणून सांगितलं. घोषणेवर घर बांधू नये हे तिकडेही खरंच.

आता ग्रीनबेल्टचा आपल्याशी एक जुना धागा आहे तो सांगतो. गावाला लागून नासाचं गोडार्ड अंतराळ केंद्र आहे, १९५९ पासूनचं. हबल दुर्बिणीचं काम तिथून चालतं. जेम्स वेब दुर्बिणीचे सोनेरी आरसे तिथंच जुळवले. नॅन्सी रोमन या खगोलशास्त्रज्ञ बाईंना हबलची आई म्हणतात, त्यांच्या नावाची नवी दुर्बीणही तिथंच जुळवली. पण आपला धागा वेगळाच. गोडार्डच्या देखरेखीखाली एटीएस-६ नावाचा उपग्रह तयार झाला, १९७४ मध्ये सुटला. पुढच्या वर्षी नासाने तो सरकवून भारताच्या बाजूला आणला आणि ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ असं वर्षभर आपल्या देशाला वापरायला दिला. इस्रोने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शन संच बसवले. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण सोलापूरच्या पलीकडची विजापूर, गुलबर्गा भागातली कानडी गावं होती. संध्याकाळी गावच्या शाळेपुढं नाहीतर पंचायतीपुढं सगळे जमायचे आणि शेती, आरोग्य, लेकरांचं शिक्षण यावरचे कार्यक्रम बघायचे. ज्या गावांत अजून वर्तमानपत्र पोचत नव्हतं तिथं आकाशातून चित्र आलं. गावातल्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलायचं, ही आपल्या या रेडिओची कल्पना त्याच्याच कुळातली.

गोऱ्यांपुरतं सुरू झालेल्या त्या शहरात आज सगळ्यात मोठा समाज कृष्णवर्णीयांचा आहे, आणि महापौरही त्यांच्यातून झाले आहेत. २०२१ मध्ये मतदारांनी कौल दिला की कृष्णवर्णीय आणि मूळ आदिवासी रहिवाशांवर झालेल्या अन्यायाची भरपाई कशी करता येईल याचा अभ्यास करायला २१ जणांची समिती नेमावी. नुसत्या समितीने काय होणार, असं तुम्ही म्हणाल. आम्हीही म्हणालो. पण प्रश्न मतपेटीपर्यंत नेला, हे त्यांचं मानलं पाहिजे. शहराच्या निवडणुकीत १६ वर्षांच्या मुलांनाही मत देता येतं, २०१८ पासून.

तुमच्यापैकी कुणी वॉशिंग्टनच्या बाजूला लेकीकडे जाणार असाल तर एक दिवस ग्रीनबेल्टला काढा. शेजारच्या कॉलेज पार्कला मेरीलँड विद्यापीठ आहे, तिथं आपल्याकडची मुलं शिकायला असतात. मेट्रोने ते अलीकडचंच स्टेशन. डलस विमानतळापासून आता मेट्रो आहे. रुपेरी मार्गाने यायचं, लान्फाँ प्लाझाला उतरून हिरवा मार्ग धरायचा आणि शेवटपर्यंत बसायचं, चुकायचा प्रश्नच नाही. पुढं चौकापर्यंत बस. आधी आई आणि मुलाचा पुतळा बघा, शेजारीच १९३८चं सिनेमागृह आहे, आता शहराच्या मालकीचं. क्रेसेंट रोडवर एक जुनं घर संग्रहालय म्हणून जपलंय, १९८७ पासून. पहिल्या कुटुंबांचं स्वयंपाकघर, पलंग, भांडी, खेळणी जशीच्या तशी मांडली आहेत. एवढ्याशा जागेत माणसं कशी राहिली ते बघून अमेरिकेबद्दलची निम्मी समजूत बदलते. मग भुयारी वाटेने चालत तळ्यावर. झाडी आवडत असेल तर दक्षिणेला ग्रीनबेल्ट पार्क आहे, अकराशे एकरांहून मोठं राष्ट्रीय उद्यान, तंबू ठोकून राहायला १७४ जागा आहेत. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी तिकडे कामगार दिन असतो. त्याला जोडून १९५५ पासून तिथं गावजत्रा भरते, मिरवणूक, पाळणे, खाणंपिणं, सगळं गावातले लोकच उभं करतात. सहकारी दुकानातून फळं घ्या आणि दाराजवळ ठेवलेलं त्यांचं साप्ताहिक दिसलं तर एक अंक आमच्यासाठी नक्की आणा.

पुढच्या वेळी आपण रस्त्याच्या मोजणीच्या वेळी कोणते कागद मागायचे आणि ग्रामसभेचा ठराव कसा लिहायचा, यावर बोलू. त्यासाठी तुमच्या गावच्या रस्त्याचे प्रश्न आम्हाला रेडिओ केंद्रावर कळवा, लिहून नाहीतर आवाजात. नमस्कार.